मृत्युकराची एकतीस वर्षे आणि आपली घरे

आरतीनंतर प्रसाद हाती घेऊन गप्पा सुरू झाल्या, की आपल्या इंदुरी मंडळींत एक प्रश्न अधूनमधून निघतोच : "वारसाकर परत येणार म्हणतात, घर आत्ताच मुलांच्या नावे करावे का?" उत्तर देण्याआधी आपण जरा मागे वळून पाहू.

हा कर १५ ऑक्टोबर १९५३ रोजी लागू झाला. अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. पुढे मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे तेच. मिताक्षरा एकत्र कुटुंबातील हिश्श्याला ५० हजारांपर्यंत सूट होती, इतर मिळकतीला एक लाखापर्यंत. आपली बहुतेक जुनी घराणी मिताक्षरेतली, त्यामुळे वाड्यावाड्यांतून वाटण्यांची चर्चा होणे स्वाभाविक होते.

जिवंतपणीच देऊन टाकावे, ही पळवाट कायद्याने आधीच ओळखली होती. मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांत दिलेले बक्षीस मयताच्या मिळकतीतच धरले जाई. सार्वजनिक धर्मादायासाठी ही मुदत सहा महिन्यांची होती. १९५८ चा अर्थसंकल्प पंडित नेहरूंनी स्वतः मांडला आणि बक्षीस कर आणला. वर्षाला दहा हजारांपर्यंत सूट ठेवली.

पुढे मृत्युकराचा दर २० लाखांवरील भागावर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. तिजोरीत मात्र फारसे पडले नाही. उत्पन्न जेमतेम २० कोटी आणि वसुलीचा खर्च जास्त, असे सांगून विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो १६ मार्च १९८५ पासून बंद केला. बक्षीस कर १ ऑक्टोबर १९९८ पासून गेला. आज आईवडिलांनी मुलांना दिलेल्या बक्षिसावर आयकर नाही.

म्हणजे सूट येते, बदलते, जाते. पण केलेले बक्षीसपत्र सहजी परत फिरत नाही. कराच्या धास्तीने घर लिहून दिले आणि मग त्याच घरात पाहुण्यासारखे राहिले, असे वडीलधारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आधार दिला आहे, पण सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी.

तेव्हा अफवेवर सही नको. कागदपत्रे नीट लावावीत, मृत्युपत्र करावे, मुलांशी मोकळेपणाने बोलावे. कर बदलला तर मृत्युपत्रही बदलता येते. डोक्यावरचे छप्पर मात्र आपल्या हयातीत आपल्याच नावावर असू द्यावे.