पोलादातलं पाणी आणि स्टीलवरची नक्षी

आज सुरुवात थेट स्वयंपाकघरातून. मांडणीवरचा एखादा जुना स्टीलचा डबा खाली काढा आणि काठाजवळ बघा. आजीचं नाव असेल, लग्नाची तारीख असेल, नाहीतर आत्याबाईंकडून ‘सप्रेम भेट’. बारीक ठिपक्यांची ती अक्षरं. भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसलेला माणूस घुर्र आवाज करणाऱ्या छोट्या मशीननं ती पाच मिनिटांत घालून द्यायचा. स्टीलवर काहीतरी कायमचं उमटवणं आपल्याला इतकं सवयीचं आहे, की ते अवघड असेल असं वाटतच नाही.

पण मशीन बाजूला ठेवून तेच काम आम्लानं करून बघा. स्टीलच्या सुरीवर लिंबू पिळा, व्हिनेगर ओता, रात्रभर ठेवा. सहसा काही होत नाही. आजीच्या विळीच्या लोखंडी पात्यावर लिंबाचे दोन थेंब पडले तरी काळा डाग! मग तलवारींवर, कट्यारींवर आणि हल्ली महागड्या सुऱ्यांवर दिसते ती लाटांसारखी नक्षी येते कुठून? ती आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं जाते, म्हणून आजचा भाग.

सतराव्या शतकात झाँ-बातीस्त ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या भारतात येऊन-जाऊन होता. हिऱ्यांसाठी त्याला गोवळकोंडा गाठायचा असे. सुरतेहून गोवळकोंड्याचा त्याचा एक रस्ता औरंगाबाद, दौलताबादवरून जायचा, आणि त्यानं तो टप्प्याटप्प्यानं लिहून ठेवलाय. हिरेवाला माणूस, पण त्याची नजर पोलादावरही होती. इराणबद्दल लिहिताना तो सांगतो, की तिथले कारागीर तलवारींवर आणि सुऱ्यांवर व्हिट्रिऑल वापरून, म्हणजे आपल्या हिराकशीच्या जातीचा क्षार वापरून, सुंदर लहरी उठवतात. मात्र हे त्यांच्या स्वतःच्या पोलादावर जमत नाही आणि युरोपच्याही नाही. त्यासाठी गोवळकोंड्याहून येणारं पोलादच लागतं.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण इथं नक्षी काढली जात नाहीये. ती आधीच आत आहे, आम्ल फक्त ती दाखवतं.

ते पोलाद म्हणजे इंग्रजांनी ज्याला ‘वुट्झ’ म्हटलं ते. तेलंगणात, निजामाबादकडच्या कोनसमुद्रम गावात त्याच्या भट्ट्या होत्या. तो मुलूख आणि आपला मराठवाडा, दोन्ही पुढे निजामाच्याच राज्यात होते. मातीच्या मुशीत लोखंड, कोळसा किंवा लाकूड, झाडाची पानं घालायची, तोंड लिंपायचं, तासन्‌तास धमन चालवायचं, आणि मग (इथं खरी परीक्षा) घाई न करता सावकाश थंड होऊ द्यायचं. हाती येई तो छोट्या पावाएवढा गोळा. त्यात साधारण दीड टक्का कार्बन. जरा जास्त तापवून ठोकला तर गोळा फुटतो, म्हणून लोहार तो कमी आचेवर धीरानं वाढवायचा. या तापण्या-ठोकण्यात कार्बनचे कठीण कण रांगांत जमतात. घासून गुळगुळीत केलेल्या पात्यावर आम्ल फिरवलं की भोवतालचं मऊ पोलाद खाल्लं जातं, काळवंडतं. कठीण कणांना आम्ल फारसं लागत नाही, ते पांढरे चकाकत राहतात. हीच ती लाट. फारसीत याला ‘जौहर’ म्हणतात, आणि आपण पात्याला ‘पाणीदार’ म्हणतो तेव्हा एरवी धारेबद्दल, तेजाबद्दल बोलत असतो. पण असं पातं उन्हात तिरकं धरा, खरोखर पाणी हलल्यासारखं दिसतं.

थोडं बाजूला जाऊन बिदरीबद्दल. ही कला बिदरची, पण आपल्या शहरातही तिचं काम होत आलंय. जस्ताच्या सोळा भागांना तांब्याचा एक, अशा मिश्रधातूचं भांडं. छिन्नीनं नक्षी खोदायची, त्यात चांदीची तार ठोकायची, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम लेपात भांडं घालायचं. जस्त काळंभोर, चांदी जशीच्या तशी पांढरी. बघा, युक्ती तलवारीचीच! एकच द्रव, एकाला लागतो, दुसऱ्याला लागत नाही. फरक एवढाच की बिदरीत पांढरी रेघ माणसानं बसवलेली असते.

युरोपनं वेगळी वाट धरली. तिथं मेणाचा थर द्यायचा, सुईनं चित्र ओरखडायचं, उघड्या रेघांवर आम्ल सोडायचं. चिलखतं अशीच सजायची. सन 1500 च्या सुमारास आउग्सबुर्गचा डॅनिएल हॉप्फर हा असंच काम करणारा कारागीर. त्यानं तेच तंत्र लोखंडी पत्र्यावर वापरून, शाई भरून कागदावर चित्रं छापली. चित्रकलेतल्या ‘एचिंग’चा उगम हत्यारांच्या दुकानात आहे म्हणा ना. युरोपची पाती आपल्याकडेही भरपूर आली. मराठ्यांची ‘फिरंग’ म्हणजे बऱ्याचदा परदेशी पातं आणि देशी मूठ. पण पृष्ठभागावरच्या खुणेचा दोष असा, की तिची नक्कल होते. पासाऊ गावाची धावत्या लांडग्याची खूण झोलिंगनच्या कारागिरांनी बिनदिक्कत उचलली. जौहरची अशी उचल जमेना.

म्हणून तर इंग्रज मागे लागले. मुंबईत डॉक्टर असलेल्या हेलेनस स्कॉटनं या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सननं त्यावर निबंध वाचला, आणि शीर्षकात लिहिलं काय, तर हे पोलाद ‘मुंबईत बनतं’! माल बंदरातून आला म्हणून बंदराचाच झाला. भट्टीवरच्या माणसाचं नाव तर राहूच द्या, गावाचंही नाव उरलं नाही. पुढे जेम्स स्टोडार्ट हा चाकू-शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा, आणि लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे, या दोघांनी 1820 च्या आसपास ते पोलाद पुन्हा बनवायचा खटाटोप केला. नाना धातू मिसळून पाहिले, त्यात क्रोमियमही होतं.

आणि क्रोमियमपाशीच गोष्ट उलटी फिरते. 1913, शेफिल्ड. हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात ते शोधत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद बघायचं तर आधी त्यावर आम्ल लावून आतली रचना उघडी करावी लागते. सुमारे 13 टक्के क्रोमियमचा एक तुकडा आम्लाला दादच देईना. जो गुण तपासणीच्या आड आला, तोच त्याला सुरीसाठी हवासा वाटला. स्टेनलेस स्टीलचा जन्म हा असा, नक्षी नाकारण्यातून! क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा पात्याला झाकून ठेवतो. त्यावर आज कोरायचं तर क्लोराइड लागतं, ते पापुद्रा भेदतं. एक तर फेरिक क्लोराइड, इलेक्ट्रॉनिक्सवाली पोरं सर्किट बोर्डासाठी वापरतात तेच. नाहीतर मिठाचं पाणी आणि बॅटरीचा प्रवाह. कारखान्यात आता सरळ लेझर.

म्हणजे ऑनलाइन मिळणारी लाटांची ‘दमास्कस’ सुरी खोटी का? सरसकट नाही. वेगवेगळ्या स्टीलचे थर जोडून केलेली सुरी प्रामाणिक असते, फक्त ते वुट्झ नव्हे. पण साध्या स्टीलवर लेझरनं लाटा छापलेल्याही खूप आहेत. ओळख सोपी आहे. पृष्ठभाग घासला की छापील नक्षी कायमची जाते. थरांची किंवा जौहरची जाते, पण आम्ल लावलं की परत येते.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला, कितीतरी घरांत पूर्वजांची तलवार बाहेर निघते. काळी पडलेली असते, ‘गंज चढलाय’ म्हणून चिंच, विटकरीची पूड, हल्ली तर थेट बफिंगच्या चाकावर. तासाभरात आरसा. घरचे खूश. पण तो काळेपणा बऱ्याचदा गंज नसतो, जौहर उठवतानाचीच छटा असते. जौहर निदान पोलादाच्या आत शिल्लक राहतो, जाणकार तो पुन्हा उठवू शकतो. कोफ्तगरीचं मात्र तसं नाही. बारीक रेघा मारलेल्या पोलादावर सोन्याची तार ठोकून बसवलेली ती फुलं, ती अक्षरं केसाएवढ्या जाडीची. चाकाला लागली की संपली.

आपल्या शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी हत्यारं आहेत. जाल तेव्हा एकदा तिरक्या उजेडात, काचेपाशी वाकून बघा. आणि घरच्या तलवारीला यंदा लाल विटकरीच्या पुडीऐवजी मऊ सुती फडका, वर पातळ तेलाचं बोट, पुसून घ्या, मग हळद-कुंकू. हळदीचा ओलावा रात्रभर पात्यावर राहू देऊ नका, तेवढं मात्र लक्षात ठेवा. तिथं खराच गंज धरतो.