फ्रेंच म्हणवणारं स्पॅनिश गाव

न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या भागाला सगळे ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणतात. पण तिथं फ्रेंच राजवटीतली इमारत शोधायला निघालेल्याची चांगलीच पायपीट होते. १७५०च्या आसपास बांधलेला उर्सुलाइन जोगिणींचा मठ ही त्यातली ठळक खूण. बाकी फ्रेंचांचं उरलंय ते जमिनीवर : अद्रियाँ द पोजे या इंजिनिअरने १७२१मध्ये मिसिसिपीच्या काठी आखलेले काटकोनी रस्ते.

१७६२मध्ये पंधराव्या लुईने न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीपलीकडचा मुलूख आपला भाऊबंद असलेल्या स्पेनच्या राजाला गुपचूप देऊन टाकला. रहिवाशांना विचारतो कोण! त्यांनी १७६८मध्ये पहिल्या स्पॅनिश गव्हर्नरला हाकलून लावलं. वर्षभरात स्पेनचे दोन हजार शिपाई दाखल झाले आणि बंडाच्या पाच म्होरक्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तरी घरात आणि बाजारात फ्रेंचच बोलली जात राहिली.

गावाचं रूप पालटलं ते आगीने. २१ मार्च १७८८, गुड फ्रायडे. खजिनदाराच्या घरात देवापुढच्या मेणबत्तीने पेट घेतला आणि ८५६ इमारती खाक झाल्या. १७९४मध्ये पुन्हा दोनशेवर. मग लाकडी घरं पुरे झाली, असं स्पॅनिश अधिकाऱ्यांनी ठरवलं. विटांच्या भिंती, त्यांवर गिलावा, छपरांवर कौलं, रस्त्याला खेटून दर्शनी बाजू आणि अंगण आत, अशी घरं उभी राहू लागली.

या फेरबांधणीत पैसा ओतला तो आंद्रेस आल्मोनेस्तेर या धनाढ्य स्पॅनिशाने. चौकातलं कॅथीड्रल आणि शेजारचं काबिल्दो, म्हणजे नगरसभेचा वाडा, त्याच्याच पैशातून आकाराला आले. लेक मिकाएला मात्र फ्रान्समधल्या पोंताल्बा घराण्यात पडली. तिच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या सासऱ्याने १८३४मध्ये तिच्यावर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःचा जीव घेतला. छातीत गोळ्या बसूनही ती वाचली. पुढे माहेरी परतून १८५१पर्यंत तिने चौकाच्या दोन्ही अंगांना लाल विटांच्या इमारतींच्या लांबलचक रांगा उभ्या केल्या. ओतीव लोखंडाच्या कठड्यांत ‘ए’ आणि ‘पी’ ही माहेर-सासरची आद्याक्षरं गुंफून घेतली. (सासरचं अक्षर तिने ठेवलं, हेच नवल.) तसे नक्षीदार सज्जे मग गल्लोगल्ली दिसू लागले. पर्यटक ज्यांना हौसेने फ्रेंच समजतात ते कठडे असे अमेरिकन अमदानीतले, एका स्पॅनिशाच्या लेकीने रूढ केलेले.

अमेरिकन अमदानी आली तीही झटपट. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनने काबिल्दोमध्ये गाव फ्रान्सला परत दिलं. वीसच दिवसांनी, त्याच वाड्यात, फ्रान्सने ते अमेरिकेच्या हवाली केलं. मालक तीन, पण तिघांच्याही राज्यात राबणारे हात बहुतांशी गुलाम आफ्रिकनांचे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत क्रिओल, म्हणजे जुन्या फ्रेंच-स्पॅनिश वसाहतकऱ्यांच्या वंशातली, कुटुंबं तिथून उठून गेली आणि पडक्या वाड्यांत सिसिलीहून आलेले मजूर दाटीवाटीने राहू लागले. लोक या भागाला ‘लिटल पालेर्मो’ म्हणू लागले. तिथल्याच एका सिसिलियन वाणसामानाच्या दुकानात १९०६च्या सुमारास मुफुलेता हे ऑलिव्हच्या लोणच्याचं जाडजूड सँडविच रूढ झालं. आज ‘फ्रेंच क्वार्टरची खासियत’ म्हणून तेही खपतं.