गरोदरपणातील मधुमेहाची सरकती सीमारेषा

हाइन्रिख बेनेविट्झ या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1824 साली बर्लिनमध्ये पदवीसाठी लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता पाचव्यांदा गरोदर राहिलेली 22 वर्षांची एक स्त्री. तिची तहान काही केल्या भागत नव्हती, लघवीत साखर सापडत होती, तिचे बारा पौंडांचे मूल प्रसूतीच्या वेळीच दगावले आणि बाळंतपणानंतर लघवीतील साखर नाहीशी झाली; एवढ्यावरून बेनेविट्झने मधुमेहाला गर्भावस्थेचेच एक लक्षण ठरवले. इतकी ठळक लक्षणे असलेल्या स्त्रीचा आजार आजच्या व्याख्येत कितपत बसेल, याविषयी शंका घेता येते. तरीही हा रोग स्त्रीचा की तिच्या गरोदरपणाचा, हा प्रश्न त्याने नेमका ओळखला होता.

पुढील शतकभर या प्रश्नाला फारसा वाव मिळाला नाही, कारण मधुमेही स्त्रीला दिवस जाणे हीच मुळात दुर्मिळ गोष्ट होती. मॅथ्यूज डंकन यांनी 1882 मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे अशा 22 गरोदरपणांचा आढावा मांडला, तो प्रामुख्याने माता आणि अर्भके यांच्या मृत्यूंचा हिशेब होता. 1922 मध्ये टोरांटो येथे रुग्णांना इन्सुलिन मिळू लागले आणि माता वाचू लागल्या; मुले मात्र तितक्या प्रमाणात वाचेनात. त्याचा उलगडा करताना कोपनहेगनच्या यॉर्गन पेडर्सन यांनी 1952 मध्ये असे मत मांडले की, आईच्या रक्तातील जादा ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते, परंतु तिचे इन्सुलिन जात नाही. परिणामी गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करते आणि बाळ अवाजवी पोसते.

याच सुमारास ज्यांना आधी मधुमेह नव्हता अशा गर्भवतींकडेही लक्ष वळले. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो; ही तूट भरून काढणे ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला झेपत नाही तिची रक्तशर्करा वाढते. अशा स्त्रिया हुडकण्यासाठी डॉक्टर मातेच्या पूर्वेतिहासावर भिस्त ठेवत: माहेरी कोणाला मधुमेह आहे काय, मागील मूल नऊ पौंडांहून जड होते काय, मृत मूल जन्मले होते काय. वाढते वय आणि स्थूलपणाही या विचारात येत. केवळ अशा विचारपुशीतून बऱ्याच स्त्रिया सुटून जात, त्यामुळे रक्ताची चाचणी करणे भाग पडले.

ही चाचणी कोठे अडवावी, म्हणजे किती शर्करेला रोग म्हणावे, याचा निकाल बॉस्टनमध्ये लागला. जॉन ओ'सलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर माहान यांनी 752 गर्भवतींना 100 ग्रॅम ग्लुकोज पाजून उपाशीपोटी व नंतर तीन तासांपर्यंतची रक्तशर्करा मोजली, सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलने (म्हणजे बहुसंख्य स्त्रिया जिच्या खालीच राहतात अशी पातळी) ही मर्यादा मानली आणि 1964 मध्ये ती प्रसिद्ध केली. तिची कसोटी पाहताना त्यांनी स्त्रियांना पुढील आयुष्यात मधुमेह होतो की नाही, एवढेच पाहिले. ही बाब सहज विसरली जाते: जी रेषा पुढे अनेक दशके बाळाच्या काळजीपोटी वापरली गेली, ती आखताना बाळाचा विचारच नव्हता. बाळाच्या बाजूने उत्तर येण्यास 2008 उजाडावे लागले. नऊ देशांतील 25 हजारांहून अधिक गर्भवतींच्या 'हापो' अभ्यासात आईची शर्करा वाढेल तसतसे बाळाचे वजन वाढत गेले, परंतु येथून रोग सुरू होतो असे दाखवणारी पायरी कोठेही आढळली नाही. तेव्हा 2010 मध्ये नव्या मर्यादा ठरल्या त्या तज्ज्ञांच्या सहमतीने.

भारतात या वादाला व्यवहाराचे वळण मिळाले. उपाशीपोटी बोलावलेली गर्भवती कामधंदा आणि लांबचा प्रवास यांमुळे परत येईलच याची शाश्वती नसते, हे ओळखून चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी एकाच भेटीत उरकणारी पद्धत पुढे आणली: जेवलेली असो वा नसो, स्त्रीने 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यावे आणि दोन तासांनी शर्करा डेसिलिटरमागे 140 मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास मधुमेह समजावा. या पद्धतीत काही रुग्ण निसटतात, हा तिच्यावरील आक्षेप निराधार नाही. तरीही केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी तीच स्वीकारली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती पेलण्याजोगी असल्याने तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

मातेच्या स्थूलपणावर दिलेला जुना भर मात्र महाराष्ट्रात नीट लागू पडला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे 42 किलो आणि बाळांचे सुमारे 2.7 किलो होते. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना करता ही बाळे किडकिडीत, पण त्यांच्या अंगावरील चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली आढळली. मधुमेहाच्या जोखमीच्या कोणत्याही यादीत न बसणाऱ्या या कष्टकरी स्त्रियांमध्येही, शर्करा ठरलेल्या मर्यादेच्या बरीच खाली असताना, ती जितकी अधिक तितके बाळ मोठे असेच दिसून आले.