डॉ. आंबेडकरांची वकिली

कोणतें काम घ्यावें हा प्रश्न वकिलाला पडतो, तो कामें येऊं लागल्यानंतर. डॉ. आंबेडकर १९२३ मध्यें बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले, तेव्हां त्यांची अडचण निराळीच होती. हायकोर्टाच्या मूळ शाखेंत सॉलिसिटरनें कागद दिल्यावांचून बॅरिस्टरला काम मिळत नसे. आणि अस्पृश्य मानलेल्या गृहस्थाच्या हातीं कागद देण्यास सॉलिसिटर धजत ना. त्यामुळें मोफसलींतील लहानसहान कामांवर त्यांना भागवावें लागलें. त्यांतही गरिबांचीं कामें ते पुष्कळदां फुकट करीत.

अशा स्थितींतील वकील लोकमताला दुखविणारीं कामें टाळील, असें कोणासही वाटेल. पण 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यांत जवळकर, जेधे प्रभृतींना शिक्षा झाली, तेव्हां १९२६ मध्यें त्यांचें अपील आंबेडकरांनीं चालविलें. टिळक-चिपळूणकरांवर जहाल टीका करणारांची बाजू मांडावयाची, आणि तीही पुण्यांत! आरोपी सुटले.

१९३४ मधील काम याहून अवघड होतें. 'समाजस्वास्थ्य' मासिकांत वाचकांच्या कामविषयक शंकांना उत्तरें दिलीं, म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा आरोप आला. वाचक शंका विचारतो तर उत्तर कां देऊं नये, आणि या विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील कसें, असा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हें काम स्वीकारण्यांत पोटाचा हिशेब खास नव्हता.

महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यांत मात्र निवडीचा प्रश्नच नव्हता. तेथें ते स्वतःच प्रतिवादी होते. १९२७ मधील त्या दाव्याचा हायकोर्टांत त्यांच्या बाजूनें निकाल लागला, तो १९३७ मध्यें.