आश्रमशाळा म्हणजे नक्की काय? माणिकगडच्या डोंगरावरची मुलं शिकतात तरी कुठे?

गडचांदूर म्हटलं की बहुतेकांना सिमेंट आठवतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातलं हे गाव. चुनखडीच्या खाणी, सिमेंटच्या फॅक्टऱ्या, ट्रकांच्या रांगा आणि सगळ्यावर बसलेली पांढरी धूळ. पण गाव सोडून जिवतीच्या दिशेने निघालात की चित्र बदलतं. माणिकगडचा डोंगर सुरू होतो, वर पठार लागतं आणि त्या पठारावर कोलाम आणि गोंड समाजाची छोटी छोटी वस्ती दिसायला लागते. कोलामांच्या वस्तीला इथे 'गुडा' म्हणतात. एका गुड्यात वीस-पंचवीस घरं, कधी त्याहूनही कमी.

आता प्रश्न असा, की वीस घरांच्या गुड्यात दहावीपर्यंतची शाळा कशी काढणार?

सरकारने याचं उत्तर सोपं काढलं. शाळा मुलांपर्यंत जात नसेल, तर मुलांनाच शाळेत आणून ठेवायचं. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं मोफत. यालाच म्हणतात आश्रमशाळा.

कल्पना तशी जुनी आहे. ठक्कर बाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळाने दाहोद भागात 1920 च्या दशकात असे आश्रम चालवले होते. महाराष्ट्रात 1953-54 पासून स्वयंसेवी संस्थांना आश्रमशाळांसाठी अनुदान मिळायला लागलं. मग 1972-73 पासून सरकारने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. आज राज्यात सुमारे 500 शासकीय आश्रमशाळा आहेत आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा तुम्हाला माहीत असेल. 1976 साली सुरू झालेली ती शाळा म्हणजे संस्थेने चालवलेली आश्रमशाळा.

या शाळा शिक्षण विभागाच्या नाहीत. त्या चालवतो आदिवासी विकास विभाग. आयुक्तालय नाशिकला, त्याखाली चार अपर आयुक्त आणि त्यांच्याखाली प्रकल्प कार्यालयं. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड ही पाच प्रकल्प कार्यालयं नागपूरच्या अपर आयुक्तांकडे येतात. मुलाच्या प्रवेशापासून जेवणाच्या तक्रारीपर्यंत कशासाठीही जायचं असेल तर पालकांनी गाठायचं ते हे प्रकल्प कार्यालय. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गेलात तर हेलपाटा पडतो.

नावांचा गोंधळ

इथे भलेभले गोंधळतात. आश्रमशाळेत राहणं आणि शिकणं एकाच आवारात असतं. 'शासकीय आदिवासी वसतिगृहात' मूल फक्त राहतं, शिकायला गावातल्या दुसऱ्या शाळेत किंवा कॉलेजात जातं. 'एकलव्य' निवासी शाळा ही केंद्राची योजना, 1997-98 पासूनची, आणि तिथे प्रवेश परीक्षा असते. 'नामांकित शाळा' योजनेत सरकार आदिवासी मुलांची फी भरून त्यांना खासगी इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत पाठवतं. वर विजाभज मुलांच्याही आश्रमशाळा असतात. पाटीवर शब्द तोच, पण खातं वेगळं. जिवतीत बंजारा समाज मोठा असल्याने हा फरक तिथे माहीत असलेला बरा.

एव्हरेस्टवर पोचलेली पाच मुलं

आश्रमशाळांची बातमी बहुतेक वेळा वाईटच असते. मे 2018 ची बातमी वेगळी होती. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. मोहिमेचं नाव होतं 'मिशन शौर्य'. ऑगस्ट 2017 मध्ये तयारी सुरू झाली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशा ठिकाणी सराव झाला आणि वर्षही पूर्ण व्हायच्या आत ही मुलं 8,848 मीटरवर उभी होती. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं कौतुक केलं.

या मुलांत दम होताच, चंद्रपूरच्या रानात वाढलेल्या पोरांना चढ नवा नाही. पण त्या नऊ महिन्यांत त्यांना नीट खायला मिळालं, वेळच्या वेळी डॉक्टर मिळाले, शिकवायला तयारीची माणसं मिळाली. मोहिमेसाठी निवडलेल्या मूठभर मुलांना हे देता येतं. मागे राहिलेल्या शेकडो मुलांना ते रोज देता येतं का, हा खरा मुद्दा आहे.

रात्री मुलांजवळ कोण असतं?

साध्या शाळेची जबाबदारी घंटा वाजली की संपते. आश्रमशाळेची जबाबदारी तेव्हा सुरू होते. सहा वर्षांचं मूल आई-बापाने तुमच्या हवाली केलंय. त्याला मध्यरात्री ताप आला, साप चावला, किंवा कुणी त्रास दिला तर धावायचं कुणी?

कागदावर याचं उत्तर आहे. मुलांसाठी अधीक्षक, मुलींसाठी स्त्री अधीक्षिका, शिवाय स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार. पण शेकडो मुलं आणि रात्री आवारात थांबणारी मोठी माणसं दोन-चार, असंच गणित बऱ्याच ठिकाणी असतं. त्यात एखादं पद रिकामं राहिलं की संपलंच. शिक्षकांना राहायला धड क्वार्टर नसतील तर ते तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात. जुन्या इमारतींत तर दिवसा ज्या खोलीत वर्ग भरतो, तिथेच रात्री सतरंज्या पडतात.

याची किंमत किती, हे 2016 साली आकड्यात समोर आलं. आश्रमशाळांतल्या मृत्यूंच्या अभ्यासासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने आपला अहवाल राज्यपालांना दिला. साधारण 15 वर्षांत एक हजाराहून जास्त विद्यार्थी दगावले होते. त्यातल्या बऱ्याच मृत्यूंचं नेमकं कारणच नोंदलेलं नव्हतं. मूल का गेलं हेच लिहिलेलं नसेल तर पुढचं मूल वाचवायचं कसं? सिकलसेलचं उदाहरण घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. तपासणी झालेली असेल तर अधीक्षकाला कळतं, की या मुलाचं अंग दुखणं म्हणजे शाळा बुडवायचं निमित्त नाही. नसेल, तर गोळी देऊन झोपवलं जातं.

आणि हा प्रश्न फक्त सरकारी शाळांचा नाही. 2019 मध्ये गडचांदूरच्या शेजारच्या राजुऱ्यात एका खासगी शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि जिल्हा ढवळून निघाला. इंग्रजी माध्यम आणि चकचकीत इमारत असली म्हणजे रात्रीची देखरेख चांगली असतेच असं नाही.

जेवण, पैसे आणि घड्याळ

सुधारणा झाल्याच नाहीत असं म्हणणं चूक ठरेल. नाशिक जिल्ह्यातल्या मुंढेगाव आणि पालघरमधल्या कांबळगावला मध्यवर्ती स्वयंपाकघरं झाली. तिथून आसपासच्या आश्रमशाळांना ताजं जेवण जातं. पण हे भामरागडला जमेल का? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावच तुटतं, डबा कुठून पोचणार? तिथे शाळेतली चूल आणि भरलेलं कोठार हाच उपाय.

गणवेश, वह्या, साबण, तेल अशा वस्तूंऐवजी इयत्तेनुसार साडेसात ते साडेनऊ हजार रुपये बँक खात्यात द्यायला सुरुवात झाली. ठेकेदाराच्या निकृष्ट मालापासून सुटका, हा हेतू बरोबर होता. पण गुड्यावरच्या बापाने पैसे काढायला बँकेच्या गावी जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. 2023-24 पासून शाळेची वेळ सकाळी पावणेनऊ ते चार झाली. यावर शिक्षक संघटना नाराज होत्या. 2025 मध्ये 1,791 शिक्षकांची पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे खासगी कंपनीमार्फत भरायचं ठरलं. तेव्हा वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर 'बिऱ्हाड आंदोलन' मांडलं.

आणि शिकवायचं कुठल्या भाषेत?

पहिलीत आलेल्या कोलाम मुलाची भाषा कोलामी. गोंड मुलाची गोंडी, भामरागडकडे माडिया. या द्राविडी कुळातल्या भाषा, मराठीचा त्यांच्याशी सांधाच जुळत नाही. शिक्षक मात्र मराठीत बोलतात. म्हणजे घर सुटलं त्याच दिवशी भाषाही सुटली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम 350 अ सांगतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावने तर 2019 मध्ये ग्रामसभेच्या जोरावर गोंडी माध्यमाची शाळाच काढली. शिक्षण विभागाने ती विनामान्यता ठरवली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला.

दिवाळीला किंवा होळीला घरी गेलेली काही मुलं परत येतच नाहीत, ही मुख्याध्यापकांची नेहमीची तक्रार. होळीच्या सुमारास मोहफुलं वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, घरात प्रत्येक हात लागतो. पण ज्या मुलाला वर्गात काय चाललंय तेच कळत नाही, त्याला परत आणायला शिक्षक गुड्यावर गेला, तरी मूल त्याला पाहून रानात पळणारच.