शिंगी

मार्जारमीनांच्या (सिल्युरिफॉर्मीस) गणातील हेटेरोप्न्यूस्टिडी कुलातला गोड्या पाण्यातील विषारी मासा. याचे शास्त्रीय नाव हेटेरोप्न्यूस्टिस फॉसिलिस असे आहे. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगला देश, श्रीलंका व म्यानमार या देशांतील तळी, दलदली, भातखाचरे आणि संथ नद्या यांत तो आढळतो. शिंगाळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशांहून तो वेगळा आहे.

शरीर लांबट व दोन्ही बाजूंनी चपटे असून लांबी सामान्यतः ३० सेंमी.पर्यंत असते. डोके वरून दबलेले असून मुखाभोवती मिशांसारख्या स्पृशांच्या चार जोड्या असतात. अंगावर खवले नसतात. रंग गडद तपकिरी किंवा शिसवी, तर पिलांचा तांबूस असतो. पृष्ठपक्ष (पाठीवरील पर) आखूड व कंटकरहित आणि गुदपक्ष फार लांब असतो. प्रत्येक अंसपक्षाच्या (छातीजवळील पराच्या) अग्रभागी एक बळकट, दंतुर कंटक असतो.

क्लोमांखेरीज (कल्ल्यांखेरीज) या माशाला हवेतील ऑक्सिजन घेण्यासाठी दोन नळीसारखे वायुकोश असतात. ते क्लोमकक्षापासून निघून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस स्नायूंमधून शेपटीकडे गेलेले असतात. त्यामुळे ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या गढूळ पाण्यात तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो व पाण्याबाहेरही, त्वचा ओलसर राहिल्यास, बराच वेळ जगतो.

बर्लिन येथील निसर्गवैज्ञानिक मार्कुस ब्लॉख यांनी १७९४ मध्ये, त्या वेळी डॅनिश अंमलाखाली असलेल्या तरंगंबाडी (ट्रँकेबार) येथील नमुन्यावरून या जातीचे प्रथम वर्णन केले. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात (१८२२) सिंगिओ हे स्थानिक वळणाचे नाव दिले. पुढे १८४० मध्ये प्रजातीला दिलेल्या दोन नावांपैकी सॅकोब्रँकसचा अर्थ ‘कोशयुक्त क्लोमांचा’ व हेटेरोप्न्यूस्टिसचा ‘निराळ्या रीतीने श्वास घेणारा’ असा होतो. म्हणजे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रामुख्याने श्वसनाकडे होते. कोळी मात्र या माशाला भीत आले ते त्याच्या दंशामुळे. अंसपक्षाच्या कंटकांवरील विषग्रंथींचे वर्णन बी. एस. भीमाचार यांनी १९४४ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्णनानंतर दीडशे वर्षांनी, प्रसिद्ध केले.

या ग्रंथींना वाहिनी नसते. कंटकावरील त्वचेच्या आवरणात विषस्रावी कोशिका असतात. मासा डिवचला गेला की कंटक ताठ होऊन सांध्यात अडकतो. तो शरीरात घुसताना आवरण फाटते व विष जखमेत उतरते. विषाचा उपयोग भक्ष्य पकडण्यासाठी नव्हे, तर केवळ संरक्षणासाठी होतो. दंशाने तीव्र वेदना व सूज येते आणि जखम चिघळू शकते. विष प्रथिनयुक्त असून उष्णतेने निष्प्रभ होते; म्हणून दंश झालेला भाग सोसवेल इतक्या गरम (सुमारे ४५° से.पर्यंतच्या) पाण्यात बुडवून ठेवल्यास वेदना कमी होते. कंटकाचा तुकडा राहिला नसल्याची खात्री व वैद्यकीय उपचार आवश्यक असतात. मार्जारमीनांच्या किमान १,२५० जाती विषारी असाव्यात, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. यावरून शिंगीचे विष हा या गणातील अपवाद नाही, हे दिसून येते.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या उथळ जागी प्रजनन होते व अंडी चिकट असतात. एल. एस. रामस्वामी व बी. आय. सुंदरराज यांनी पोष ग्रंथीच्या हॉर्मोनांच्या साहाय्याने मार्जारमीनाचे प्रेरित प्रजनन केल्याचे १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. भारतातील प्रमुख कार्प माशांबाबत असे यश १९५७ मध्ये मिळाले.

बंगाल, आसाम व बिहार येथे हा मासा जिवंत विकला जातो आणि आजारातून उठलेल्यांचे पथ्यान्न मानला जातो. उथळ तळ्यांत त्याची जोपासनाही करतात. वायुकोशांच्या बळावर तो ऑक्सिजनविरहित डबक्यात तग धरतो आणि कंटकांच्या बळावर शत्रूला दूर ठेवतो. तथापि पाणथळ जमिनी बुजविल्या जाणे व शेतातील कीटकनाशके पाण्यात उतरणे यांपासून या दोहोंपैकी एकही साधन त्याचे रक्षण करू शकत नाही.