रे. टिळकांचे देहावसान

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, मग ती नगरची असो की वऱ्हाडांतील यवतमाळची, मृतास निरोप देताना जी भजने कानी पडतात, त्यांत रे. नारायण वामन टिळकांचे पद बहुधा असतेच. परंतु खुद्द टिळकांस निरोप देण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांच्या समाजास एका निराळ्याच प्रश्नास तोंड द्यावे लागले.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. आपल्या देहास अग्नी द्यावा व अस्थी अहमदनगरास न्याव्यात, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती म्हणजे दफन, ही ज्या काळची सर्वमान्य रूढी, त्या काळी एका पाळकाने दहन मागावे, हे लहानसहान धाडस नव्हे! १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांस एकच ध्यास होता: ख्रिस्ताचे होताना महाराष्ट्राचे नाते तुटू नये. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. चिता ही त्याच विचाराची अखेरची पायरी होय. समाजाने ती इच्छा पाळली. मला तर त्या शोकातील खरा आदर ह्या पाळण्यातच दिसतो. स्तुतीची भाषणे काय, कोणाच्याही वाट्यास येतात.

टिळकांच्या घरी मुलासारखे वावरलेले बालकवी ठोंबरे ह्याच्या वर्षभर आधी, मे १९१८ मध्ये, गेले होते. आता लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पतीच्या धर्मांतराने ज्यांचा संसार काही वर्षे दुभंगला, त्याच ह्या लक्ष्मीबाई. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोड्या अध्यायांवर अडले होते. ते बाईंनी हाती घेतले आणि वृद्धपणी साठांहून अधिक अध्याय रचिले. ‘स्मृतिचित्रे’ तर सर्वश्रुतच आहेत. त्यांत पतीचा विक्षिप्तपणाही त्यांनी झाकला नाही, त्याची पूजाही बांधली नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाई निवर्तल्या. राहिलेला शेवट पुत्र देवदत्त ह्यांनी पुरा केला आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले.